बीडची अमेरिकन गाडी

बीड जिल्ह्यात जुनी अमेरिकन गाडी शोधायला निघालं तर कॅडिलॅक किंवा ब्यूक क्वचितच सापडेल. इथली खरी अमेरिकन गाडी म्हणजे जीप. तहसील कचेरी, पंचायत समिती, पाटबंधारे खातं, पोलीस ठाणं यांच्या दारात ती उभी राहिली. निवडणुकीत भोंगा लावून वाड्या-वस्त्यांवर फिरली. बालाघाटातले खडकाळ रस्ते आणि गोदाकाठची चिकट काळी माती, दोन्ही तिनं तुडवली. पुढे सरकारी लिलावातून ती शेतकऱ्यांकडे आणि व्यापाऱ्यांकडे गेली, काळी-पिवळी होऊन प्रवासी वाहू लागली, आणि शेवटी गोठ्याच्या आडोशाला किंवा गॅरेजच्या मागच्या अंगाला लागली.

आता त्या घरातल्या मुलाला किंवा नातवाला वाटतं, की आजोबांची जीप पुन्हा बांधून घ्यावी. गॅरेजमध्ये पहिलं उत्तर ठरलेलं असतं : "दादा, ह्याचे पार्ट आता येत नाहीत." माझं म्हणणं असं, की हे उत्तर बहुतेक वेळा खरं नसतं. पार्ट असतो. नेमका कोणता हवा, हे सांगता येत नाही म्हणून तो सापडत नाही. जुन्या गाडीच्या पार्टचा शोध ही आधी ओळखीची गोष्ट आहे, खरेदी त्याच्या नंतरची. ही ओळख कशी पटवायची आणि ती पटली की दारं कशी उघडतात, ते इथे मांडतो.

एक नकाशा, दोन कारखाने

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती. १९४० साली बँटम या छोट्या कंपनीनं पहिला नमुना करून दिला. मोठं उत्पादन मात्र विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांकडे गेलं. विलीजच्या गाडीचं नाव एमबी, फोर्डच्या गाडीचं जीपीडब्ल्यू. युद्ध संपेपर्यंत दोघींच्या मिळून सुमारे सहा लाख चाळीस हजार जीप तयार झाल्या, त्यांतल्या पावणेतीन लाखांहून जास्त फोर्डच्या.

लष्कराची अट अशी होती, की दोन्ही गाड्यांचे भाग एकमेकींना बसले पाहिजेत. रणांगणावर एका गाडीचा गिअरबॉक्स फुटला तर शेजारच्या मोडक्या गाडीचा काढून बसवता यावा, मग ती कोणत्याही कारखान्यातली असो. त्यामुळे विलीजच्या नकाशांवरूनच फोर्डनं जीप बनवली. आज जुन्या जीपचे पार्ट जगभर मिळतात, त्याचं मूळ या लष्करी शिस्तीत आहे.

फोर्डनं स्वतःच्या भागांवर 'एफ' हे इंग्रजी अक्षर उमटवलं, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा. भंगारात पडलेल्या बोल्टवरची माती पुसली आणि वळणदार 'एफ' दिसला, तर तो बोल्ट युद्धकाळातल्या फोर्डचा असण्याची शक्यता मोठी. हौशी संग्राहक अशा एकेका बोल्टासाठी जीव टाकतात. रोज चालवायची जीप बांधणाऱ्याला त्याची गरज नाही, पण हातातली वस्तू काय मोलाची आहे हे त्यालाही कळलं पाहिजे, नाहीतर ती किलोच्या भावानं जाते.

मुंबईत जुळलेल्या गाड्या

या गाड्यांचा आणि महाराष्ट्राचा संबंध केवळ आयातीचा नाही. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. तिथून शेवरलेट मोटारी, ट्रक आणि बसच्या चेसीस बाहेर पडत. फोर्डचाही मुंबईत जुळणीचा कारखाना होता. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहानं १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याला डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्या जुळवल्या. १९४८ साली एस.टी. सुरू झाली तेव्हा तिच्या सुरुवातीच्या ताफ्यात शेवरलेट आणि फोर्ड होत्याच. एस.टी.ची पहिली फेरी पुण्याहून अहमदनगरला आली. नगरच्या पलीकडचं बीड त्या दिवशी अजून निजामाच्या राज्यात होतं.

जीप आणली महिंद्रानं. १९४०च्या दशकाच्या अखेरीस विलीजकडून सुटे भाग मागवून मुंबईत जुळणी सुरू झाली आणि हळूहळू ते भाग इथेच बनू लागले. सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९५३ साली आलं आणि १९६८ साली तिथे बंद झालं. महिंद्रानं मात्र त्याच घराण्यातल्या गाड्या पुढची कित्येक वर्षं बनवल्या. इंजिन बदललं, लांबी वाढली, नावं बदलली, पण चेसीस, पाटे, स्टिअरिंग, अ‍ॅक्सल यांचा मूळ आराखडा टिकला. अमेरिकेतल्या छंदिष्टाला जो भाग जपून ठेवावा लागतो, त्याचा चुलतभाऊ आपल्याकडे परवापरवापर्यंत नव्या डब्यात मिळत होता, तो यामुळे.

मोठ्या मोटारींनाही हाच न्याय लागतो. डॉज किंग्जवे, डिसोटो डिप्लोमॅट आणि प्लिमथ ही नावं तीन, जाळी आणि बिल्ले वेगळे, पण पत्र्याखाली बहुतांशी एकच प्लिमथ. किंग्जवेचा भाग मिळेना तर प्लिमथच्या नावानं विचारावं. शेवरलेटचं २१६ घनइंचांचं सहा सिलिंडरचं इंजिन १९३७ ते १९५३ या काळात मोटारीतही होतं आणि ट्रकातही. म्हणून मोटारीचा पिस्टन जुन्या ट्रकवाल्याकडे निघू शकतो. या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडमध्ये तयार शेल बेअरिंग नसतं, व्हाइट मेटल वितळवून ओतलेलं असतं. त्यासाठी दुकानाऐवजी ओतकाम जाणणारा कारागीर शोधावा लागतो.

आधी ओळख, मग खरेदी

जीप बांधायला घेतली की पहिले काही दिवस पाना हातात घेऊ नये. घासायला ब्रश, रॉकेल आणि एक वही घ्यावी. गाडीचे नंबर शोधावेत. युद्धकाळातल्या विलीजचा चेसीस नंबर डाव्या चेसीस-दांडीच्या आतल्या बाजूला, बंपरच्या मागे लावलेल्या पट्टीवर असतो. फोर्डचा नंबर त्याच दांडीच्या वरच्या अंगावर, इंजिनाच्या पायाजवळ, थेट लोखंडात ठोकलेला असतो. इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या पुढच्या भागात उजव्या हाताला पाहावा. नंबर झिजले असतील तरी गाडी स्वतःबद्दल बरंच सांगते. पुढची जाळी नऊ फटींची असेल तर ती युद्धकाळातली आणि सात फटींची असेल तर युद्धानंतरची नागरी जीप. रेडिएटरखालचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलीज, चौकोनी पन्हळीसारखा असेल तर फोर्ड. बॉनेट उंच असेल तर सीजे-३बी. तिच्या हरिकेन इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बाजूला आहेत. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि तिला झाकण्यासाठी बॉनेट उचलावं लागलं.

आपल्याकडची जीप पन्नास-साठ वर्षांत अनेक हातांतून गेलेली असते, त्यामुळे बाहेरून एक आणि आतून दुसरी निघते. चेसीस एका गाडीची, मागचा अ‍ॅक्सल दुसरीचा, इंजिन ट्रॅक्टरचं, असं सर्रास आढळतं. म्हणून प्रत्येक मोठ्या भागाची ओळख वेगळी पटवायची. युद्धकाळच्या इंजिनात टायमिंग चेन आहे, नंतरच्यांत गिअर. युद्धकाळचा गिअरबॉक्स टी-८४, नागरी जीपचा टी-९०, आणि टी-९० जास्त दणकट. दोन्ही इंजिनांचा बोअर मात्र सारखाच, तीन इंच आणि एक सूत (म्हणजे इंचाचा आठवा भाग), स्ट्रोक साडेचार इंचाला एक सूत कमी. त्यामुळे इंजिन उघडल्यावर नुसतं बोअरचं माप घेऊन भागत नाही, डोकं आणि व्हॉल्व्हही पाहावे लागतात.

चुकीच्या ओळखीची किंमत काय असते ते ट्रान्स्फर केसमध्ये नीट दिसतं. गिअरबॉक्सचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटणारी ही पेटी. तिच्यात एक मधला शाफ्ट आहे आणि तोच सर्वांत आधी झिजतो. सुरुवातीच्या गाड्यांत तो पाऊण इंची, म्हणजे सहा सुती. मग तो नऊ सुती झाला आणि नंतर सव्वा इंची. पेटी बाहेरून जवळपास सारखीच दिसते. दुकानात जाऊन 'जीपचा मधला शाफ्ट द्या' म्हटलं तर तिघांपैकी कोणताही हातात पडेल. घरून व्हर्निअरनं माप घेऊन गेलेला माणूस एका फेरीत काम करून येतो.

दुसरं उदाहरण क्राऊन-पिनियनचं, म्हणजे अ‍ॅक्सलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीचं. युद्धकाळच्या जीपच्या क्राऊनला ३९ दात आणि पिनियनला ८, म्हणजे ४.८८चं प्रमाण. नागरी जीपला ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. नंतरच्या डिझेल गाड्यांत आणखी वेगळी प्रमाणं आली. आता पुढे एक आणि मागे दुसरं प्रमाण बसवलं तर साध्या रस्त्यावर, दोन चाकांच्या जोरावर गाडी निमूट चालेल. पण पावसाळ्यात रानात शिरून चारही चाकांना जोर लावला, की पुढची चाकं एका वेगानं फिरू पाहतात आणि मागची दुसऱ्या. तो ताण टायर, जॉइंट आणि ट्रान्स्फर केसवर येतो, आणि काहीतरी तुटतंच. कितीतरी जीपचा पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून ठेवलेला असल्यामुळे हा विजोडपणा कित्येक वर्षं लपून राहतो. मोडक्या गाडीतून डिफरन्शियल विकत घेताना विक्रेत्याच्या शब्दावर न जाता मागचं झाकण उघडून दात मोजावेत.

अडीच सुताचा बोल्ट

जुन्या अमेरिकन गाडीतले आटे इंची असतात. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात आज मिळतात ते बहुतेक मिलिमीटरचे. जीपमध्ये जागोजागी अडीच सुती, म्हणजे पाच सोळांश इंची बोल्ट आहेत. त्यांचा व्यास ७.९४ मिलिमीटर. आठ मिलिमीटरचा बोल्ट हातात घेतला तर डोळ्याला फरक कळत नाही. पण जीपच्या बारीक आट्याच्या बोल्टला एका इंचात २४ आटे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर साधारण १.०६ मिलिमीटर, आणि आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टचं १.२५. हा बोल्ट एक-दीड वेढा आत जातो आणि अडकतो. घाईतला मिस्त्री पान्याला पाइप लावून तो रेटतो. बोल्ट बसतो आणि भोकातले आटे कायमचे जातात. अनेक जीपच्या इंजिन ब्लॉकला आणि अ‍ॅक्सलला ही जखम झालेली दिसते. आटे मोजायचा गेज स्वस्त आहे, आणि जुनी जीप बांधणाऱ्याकडे तो असलाच पाहिजे.

चाकांचंही एक वैशिष्ट्य आहे. जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असत. चाक फिरताना नट सैल होऊ नये, हा त्यामागचा विचार. हे ठाऊक नसलेला माणूस नट सोडवण्याच्या नादात तो आणखी आवळत जातो आणि स्टड तुटतो. मग 'स्टड मिळत नाही' ही तक्रार सुरू होते. स्टड पाहिजेच असेल तर तो उलट्या आट्याचा, चार सुती, इंचात २० आट्यांचा, असं सांगून मागावा. मग लेथवालाही तो करून देऊ शकतो.

काय विकत घ्यायचं, काय करून घ्यायचं

भागांची यादी झाली की तिचे तीन वाटे पाडावेत.

पहिला वाटा नव्यानं मिळणाऱ्या वस्तूंचा. बेअरिंग, ऑइल सील, बेल्ट, क्लच प्लेट, ब्रेकची रबरं. बेअरिंगवर गाडीचं नाव नसतं, नंबर असतो. विलीज जीपच्या पुढच्या चाकांतलं टेपर रोलर बेअरिंग पाहा. आतल्या कोनचा नंबर १८५९० आणि बाहेरच्या कपचा १८५२०. हा नंबर आजही बेअरिंगच्या जगात जिवंत आहे. दुकानात जाऊन 'जुन्या जीपचं बेअरिंग' मागितलं तर दुकानदार मान हलवेल. हाच नंबर चिठ्ठीवर लिहून दिला तर तो मागवून देईल, आणि पार्सल एस.टी.नं बीडला येईल. ऑइल सीलचंही तसंच : आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही तीन मापं सांगितली की गाडीचं नाव सांगायची गरज उरत नाही.

दुसरा वाटा जुन्या, मूळ भागांचा. गिअरबॉक्सचं आवरण, क्राऊन-पिनियन, स्टिअरिंग बॉक्स, मीटर, कार्बोरेटर. यांच्यासाठी बाजार फिरावे लागतात. बीडहून नगरमार्गे पुण्याला गेलं की बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. मुंबईत चोर बाजाराचा मटण स्ट्रीट आहे आणि कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर मोटारींच्या जुन्या-नव्या पार्टची दुकानं आहेत. देशभरातून माल जमतो तो दिल्लीच्या काश्मिरी गेटला. जीपसाठी आणखी एक गाव लक्षात ठेवावं : हरियाणाच्या सिरसा जिल्ह्यातलं मंडी डबवाली. लष्कराच्या लिलावातल्या गाड्या आणून जीप बांधण्याचा धंदा तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालतो. मात्र लष्करी माल म्हणून काहीही घेऊ नये. लष्कराची जोंगा दिसायला जीपच्या नात्यातली वाटते, पण ती निस्सानच्या गाडीवरून जबलपूरला बनलेली आहे. तिच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा विलीजला काही उपयोग नाही.

तिसरा वाटा करून घ्यायच्या वस्तूंचा, आणि इथे बीडसारख्या जिल्ह्याची ताकद दिसते. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, उसाची वाहतूक आणि साखर कारखाने यांच्यामुळे लेथ, वेल्डिंग, पाटे बांधणं, रेडिएटर दुरुस्ती ही कामं तालुक्याच्या गावी होतात. बुश, पिन, शॅकल, स्टड, पत्र्याचं फ्लोअर, टपाचे दांडे हे सगळं नमुना पाहून करता येतं. अट एकच : जुना भाग कितीही सडलेला असो, नवा बसून गाडी चालेपर्यंत फेकायचा नाही. नमुना गेला की माप गेलं. जिथे माणसाचा जीव अवलंबून आहे, तिथे मात्र करून घेतलेल्या भागावर विसंबू नये. स्टिअरिंगचे सांधे आणि ब्रेकचे सिलिंडर चांगल्या कंपनीचे, नवेच घ्यावेत.

मूळ इंजिनाचं मोल

सर्वांत अवघड शोध इंजिनाचा. पेट्रोल महाग झालं तसं जीपमध्ये डिझेल इंजिन आलं. काही जीप कारखान्यातूनच तशा निघाल्या, काहींमध्ये मालकांनी बसवून घेतलं. महिंद्राच्या गाड्यांत इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन आलं, नंतर प्यूजोचं २११२ घनसेंटिमीटरचं आलं. काढलेली पेट्रोल इंजिनं कोपऱ्यात पडली आणि पुढे भंगारात गेली. रोजच्या धंद्यासाठी तो निर्णय योग्यच होता. पण आज ज्याला गाडी मूळ रूपात उभी करायची आहे, त्यानं मूळ इंजिनासाठी खटपट करावी, कारण कायदाही आता तेच मागतो.

केंद्र सरकारनं २०२१ साली विंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली आणि चेसीस, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार न झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये, फेरनोंदणीचं पाच हजार, आणि नोंदणी दहा वर्षांसाठी. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला परवानगी नाही. ज्याला जीप शेतावर आणि बाजाराला न्यायची आहे, त्यानं नेहमीचीच नोंदणी चालू ठेवावी. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद बीडच्या एमएच-२३ किंवा अंबाजोगाईच्या एमएच-४४ कार्यालयात करून घ्यावी.

जुना भाग घेताना पावती घ्यावी. चेसीस किंवा इंजिन असेल तर नंबराचा फोटो, विकणाऱ्याचं नाव आणि मूळ गाडीचे कागद हेही पाहावेत. चोरीचा माल आहे हे माहीत असून तो विकत घेणारासुद्धा गुन्हेगार ठरतो. नंबर घासून नवा ठोकण्याची तयारी कुणी दाखवली, तर तो सौदा तिथेच सोडावा.

आता घाई कशाची

या कामाला आज घाई आहे, आणि तिचं कारण ठोस आहे. पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचं १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकरण होत नाही. अशी वाहनं अधिकृत भंगार केंद्रांकडे जातात आणि तिथे मोडली जातात. रस्ता स्वच्छ आणि सुरक्षित व्हावा म्हणून ते योग्य आहे. पण सरकारी लिलाव हा जिल्ह्यातल्या जीपचा आणि तिच्या पार्टचा मुख्य झरा होता, तो आता आटत चालला आहे.

दुसरा झरा माणसांचा. या जीपवर ज्यांनी उमेदवारी केली ते मिस्त्री आता सत्तरीकडे झुकले आहेत. मधला शाफ्ट तीन मापांचा असतो, डाव्या चाकाचा नट उलटा असतो, कोणत्या ट्रॅक्टरचा कोणता भाग जीपला चालतो, हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे. कागदावर फार थोडं उतरलं आहे. बीड आणि अंबाजोगाईच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचे विद्यार्थी शिकतात. अशा एखाद्या मिस्त्रीला बोलवून, एक जीप उघडून, प्रत्येक भागाचं नाव, नंबर आणि माप त्यांच्याकडून मराठीत लिहून घेतलं, तर तयार होणारी वही संपूर्ण मराठवाड्याच्या कामी येईल. त्यासाठी निधी लागत नाही. एक जुनी गाडी, एक व्हर्निअर आणि ऐकण्याची तयारी लागते.

ज्याच्या घरी जीप आहे त्यानं एवढं तर आजच करावं. भंगारवाल्याशी भाव ठरवण्याआधी नंबर उतरवून घ्यावेत, जाळीच्या फटी आणि क्राऊनचे दात मोजावेत, आणि आपल्याकडे नेमकी कोणती गाडी आहे हे एकदा जाणून घ्यावं. मग ती बांधायची की विकायची, हा ज्याचा त्याचा निर्णय. पण तो गाडी ओळखून घेतलेला असावा. मग विकली तरी योग्य हातात योग्य मोलानं जाईल, आणि बांधायला घेतली तर 'पार्ट येत नाहीत' या पहिल्या उत्तरावर काम थांबणार नाही.